माझ्या नावावरचा आवाज

माझं बाळ एकाच गाण्यावर झोपतं. गाणं म्हणायचं एवढंच, त्याला शब्द नाहीत. नुसतं गुणगुणणं आहे. जरा वर चढायचं, मध्येच अडल्यासारखं थांबायचं, श्वास घ्यायचा आणि मग एकेक पायरी खाली उतरत यायचं. ते संपलं की मी थोडी थांबते आणि त्याच्या कानाशी विचारते, "झोपलास की मला फसवतोस?" फसवत असेल तर त्याच्या ओठांचा डावा कोपरा हलतो. झोपला असेल तर काहीच हलत नाही, आणि मग मला माझा हात त्याच्या मानेखालून सोडवून घ्यायला मोकळीक मिळते.

एकदा सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. छान आहे गं, तुझ्या आईचं का, असं त्यांनी विचारलं आणि मी बिनधास्त हो म्हणून टाकलं. मला खरंच तसं वाटत होतं. बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ते आपसूक तोंडात आलं होतं, आणि आपसूक येतं ते आईकडूनच आलेलं असणार. पुढे माझी आई चार दिवस राहायला आली. तिच्यासमोर मी ते गायले आणि कौतुकाची वाट बघत बसले. ती म्हणाली, हे कुठून शिकलीस? मी म्हटलं, तूच नाही का म्हणायचीस. त्यावर ती हसायला लागली. तिला गळा नव्हता आणि वेळही नव्हता, ती मला फक्त थोपटायची, थोपटून थोपटून मनगट भरून यायचं. गाणंबिणं काही नाही.

मग ते कुठलं असेल याचा विचार मी सोडून दिला. लहान बाळ घरात असलं की बऱ्याच गोष्टींचा विचार सोडावा लागतो.

सुट्टी संपल्यावर मी अर्ध्या दिवसाच्या बोलीवर कामाला परत गेले. आमचं ऑफिस ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून घेतं. वाचणारे लोक बाहेरून येतात, एका छोट्या खोलीत बसून वाचतात. त्या खोलीच्या भिंतींना जाड फोम लावलाय, दाराला आतून पडदा आहे, आणि खुर्ची कुरकुरते म्हणून तिच्या पाठीत एक घडी केलेला टॉवेल कोंबलेला आहे. वाचलेलं साफ करायचं काम माझं. खोकला काढायचा, पान उलटल्याचा आवाज काढायचा, आणि वाचन संपल्यावर मागे जे काही उरतं ते कापायचं. वाचणारा थांबला तरी रेकॉर्डिंग चालूच असतं ना. कोणी उसासा टाकतं, कोणी "झालं का?" विचारतं. त्या उरलेल्या भागाला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट कापायला मी एक प्रोग्रामही लिहिला होता. शांतता पुरेशी लांबली की त्यापुढचं सगळं तो निर्दयपणे उडवतो. मला प्रोग्राम लिहिता येतात हे एकदा सगळ्यांना कळलं आणि तेव्हापासून ती कामंही माझ्याच गळ्यात आहेत.

परतल्याच्या पहिल्या दिवशी मी माझ्या जागेवर बसले. हेडफोन घातला, पासवर्ड टाकला. आमच्याकडे आत शिरल्याबरोबर दोन्ही कानांत काही क्षण बारीकसा आवाज वाजतो, हेडफोन धड चालतो की नाही हे कळावं म्हणून. मी रोज त्या वेळात पर्स अडकवायची, खुर्ची खालीवर करायची. त्या आवाजाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. इतक्या महिन्यांनी तो ऐकला आणि पर्सचा पट्टा हातातच राहिला.

तेच गाणं होतं. वर चढणं, अडल्यासारखं थांबणं, श्वास. पुढे उतरायच्या आतच बंद झालं.

मला आधी हसूच आलं. म्हणजे हे रोज सकाळी यंत्र माझ्या कानात ओतत होतं आणि मी ते माहेरचं समजून बाळाला देत होते. नवऱ्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, नशीब समज, प्रिंटरचा आवाज नाही उचललास.

मधल्या सुट्टीत हा विनोद मी नवीलाही सांगितला. नवी म्हणजे माझ्या सुट्टीत लागलेली मुलगी. तिला अजून सगळे नवीच म्हणतात. तिला विनोद कळलाच नाही.

"कसलं गाणं?" ती म्हणाली. "माझ्यात तर माझाच आवाज येतो. एक, दोन, तीन, ऐकू येतंय का. पहिल्या दिवशी बोलायला लावलं होतं ना मशीननं. तुला नाही लावलं?"

मला नव्हतं लावलं. मी बाकीच्यांना सहज विचारल्यासारखं विचारत फिरले. प्रत्येकाच्या कानात त्याचा त्याचा आवाज होता. हिशेबवाल्या बाईंनी तर पहिल्या दिवशी घाबरून नुसतंच "अहो, कोणी आहे का" म्हटलं होतं, आणि त्यांना रोज सकाळी तेच ऐकावं लागत होतं.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. जुनं मशीन, म्हणजे आमच्या सगळ्या फाइली जिथे राहतात ते, शुक्रवारी बंद होणार होतं. नवीन येऊन खोक्यात बसलं होतं. जुन्यावर कोणाकोणाची अकाउंट आहेत आणि कुठली फाइल कोणाची आहे हे मी काढून द्यायचं. ज्याची त्यानं ठेवायची की नाही ते सांगावं. जिला मालक नाही किंवा जिच्याबद्दल मालक काही बोलला नाही, ती फाइल मशीनबरोबर पुसली जाईल. शुक्रवारी संध्याकाळी डिस्क कोरी करणार, मग कोणी रडत येऊ नका, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

काम तसं सोपं होतं. मी प्रोग्राम पायथन नावाच्या भाषेत लिहिते, आणि त्या भाषेबरोबर एक भलं मोठं कपाटच मिळतं, स्टँडर्ड लायब्ररी नावाचं. वेगळं काही आणावं लागत नाही, कप्पा उघडायचा आणि हत्यार घ्यायचं. एका कप्प्यातून मशीनला त्याचं स्वतःचं नाव विचारता येतं. दुसऱ्यातून मशीनवरच्या सगळ्या माणसांची नोंद समोर येते: लॉगिनचं नाव, पूर्ण नाव, त्याचं घर, म्हणजे त्याचा फोल्डर. तू कोणाची असं फाइलला विचारलं तर ती नाव सांगत नाही, एक नंबर सांगते. तो नंबर घेऊन पुन्हा नोंदीकडे जायचं, तेव्हा नाव मिळतं. मी कोण, हेही मशीनला विचारता येतं, आणि ते दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा फक्त आजूबाजूला बघते. इथे कोण बसलंय म्हणून लिहून ठेवलंय? जे लिहिलं असेल ते खरं. दुसरी नंबर काढते आणि नोंदीत जाऊन बघते. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, त्यामुळे कोणी दोन्हीकडे विचारायच्या फंदात पडत नाही.

मी प्रोग्राम चालवला. नावं आणि फाइली सरसर खाली गेल्या. स्वतःच्या नावापाशी आपण थांबतोच, तशी मी थांबले. सगळ्यात वर, मी कधी न उघडलेल्या एका फोल्डरमध्ये, आवाजाच्या काही फाइली माझ्या नावावर होत्या. त्यांच्यावरच्या तारखा मी इथे लागायच्या आधीच्या होत्या. तेव्हा मी कॉलेजात होते, हे ऑफिस कुठल्या रस्त्यावर आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी त्या फाइलींचा नंबर काढून पुन्हा थेट नोंदीत विचारलं. उत्तर तेच आलं. माझंच नाव होतं, आडनावासकट.

वाचायची खोली रिकामी होती. आत जाऊन पडदा ओढला आणि सगळ्यात जुनी फाइल लावली.

एक बाई गुणगुणत होती. आवाज अगदी जवळ होता, माइकला ओठ टेकतील इतका. मागे तीच खुर्ची कुरकुरत होती, टॉवेल कोंबायच्या आधीची. गाणं वर चढलं, अडलं, श्वास झाला, उतरलं. मग काही नाही. इतका वेळ काही नाही की मी बंद करायला हात पुढे केला. तेव्हा ती बोलली, हळूच, खेळकरपणे:

"झोपलीस की मला फसवतेस?"

सकाळचा तो आवाज काही क्षणच वाजतो. इथपर्यंत तो कधीच पोचत नाही. गाणं कानावरून गेलं आणि तोंडात बसलं, हे मी समजू शकते. हे वाक्य कुठून आलं?

मला भीती वाटली की नाही ते आता सांगता येत नाही, कारण दुसरंच काहीतरी झालं. पान्हा फुटला. बाळ रडल्यावर होतं तसंच, अगदी तसंच. कुर्ता दोन्हीकडून भिजला आणि मी ओढणी छातीशी धरून त्या बंद खोलीत बसून राहिले, कानात एका परक्या बाईचा श्वास घेऊन.

बाकीच्या फाइलींत ती बोलत होती, पोटातल्या बाळाशी. मुलगीच आहे असं धरून चालली होती. आज मॅडम बाहेर गेल्यात म्हणून येऊन बसलेय गं. आज एका माणसाचा खोकला कापता कापता दमले. तू लाथ मारलीस ती मशीनमध्ये येते का बघू, थांब. आणि मग खरंच पोटाला माइक लावल्याचा घसघस आवाज. ते प्रश्नवजा वाक्य मात्र पहिल्या फाइलच्या शेवटी सोडून पुन्हा कुठेच नव्हतं. मी सगळ्या ऐकल्या.

ऑफिसातली सगळी मशीनं ज्यांच्या हातात आहेत त्यांना आम्ही कुलूपकाका म्हणतो. पासवर्ड विसरलं की त्यांच्याकडे जायचं, शिव्या खायच्या आणि नवीन घेऊन यायचं. त्या दिवशी ते नव्या मशीनच्या खोक्यातला थर्माकोल काढत बसले होते. माझ्या आधी माझ्या जागेवर कोण होतं, असं मी विचारलं. त्यांनी थर्माकोल खाली ठेवला.

होती एक, म्हणाले. हळू बोलायची, कधी आली कधी गेली कळायचं नाही. तुझंच काम करायची. बाळंतपणाच्या सुट्टीवर गेली. मुलगी झाली, आणि हॉस्पिटलातून मुलगीच तेवढी घरी आली.

त्यांनी माझ्या भिजलेल्या ओढणीकडे बघितलं आणि नजर वळवली. मग मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, आणि मग त्यांना जे कळलं ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ती गेल्यावर तिचं अकाउंट त्यांनीच बंद केलं होतं. नाव नोंदीतून काढलं, फाइली तशाच राहिल्या. तिचा नंबर सगळ्यात शेवटचा, तो मोकळा झाला. त्यानंतर आलेलं पहिलं माणूस मी, म्हणून मशीननं मला तोच दिला.

"नाव आपल्या सोयीला असतं गं," ते म्हणाले. "मशीन माणसाला नंबरनं ओळखतं. त्याच्या लेखी ती गेलीच नाही. फक्त तिचं नाव बदललं."

सकाळचा तो आवाज वाजवणारा प्रोग्रामही त्यांचाच होता. आलेल्या माणसाच्या नंबरवरची सगळ्यात जुनी आवाजाची फाइल काढायची आणि वाजवायची. फाइल नसेल तर एक-दोन-तीन बोलून घ्यायचं. माझ्याकडे ती होती, म्हणून मला कोणी बोलायला लावलं नाही.

मग त्यांनी मुलीचं सांगितलं. त्या मुलीला तिची मावशी सांभाळते. ती मावशी दर काही महिन्यांनी ऑफिसात फोन करते. एवढी पुस्तकं तुमच्याकडे, एवढे आवाज, माझ्या बहिणीचा एखादा शब्द कुठे राहिलाय का बघा. मुलगी विचारते, आई कशी बोलायची. घरात फोटो आहेत, आवाज नाही. काकांनी प्रत्येक वेळी मनापासून शोधलं होतं. तिच्या नावानं शोधलं होतं, आणि मशीननं प्रत्येक वेळी सांगितलं होतं, असं कोणी इथे नाही.

"मी त्या बाईला सांगितलं, काही नाही उरलं," काका म्हणाले. आणि थर्माकोलचे कण बोटांनी टेबलावरून गोळा करत बसले.

म्हणजे शुक्रवारपर्यंत त्या आवाजाची मालकीण मी होते. ठेवा म्हणायचा हक्क जगात एकट्या मला होता, आणि मी गप्प बसले असते तर ती बाई दुसऱ्यांदा, आणि या वेळी पूर्ण, गेली असती.

मी काकांना म्हटलं, नव्या मशीनवर तिचं अकाउंट उघडा. ते नाही म्हणाले. नसलेल्या माणसाचं अकाउंट कुठल्या नियमात बसत नाही, मॅडम मला धरतील. फाइली तुझ्या नावावर आहेत, तुझ्या नावावरच ने, मुलीला एक प्रत दे, झालं.

"काका, उद्या ती मुलगी मोठी होऊन इथे आली आणि तिनं मशीनला विचारलं, ही कोण गातेय," मी म्हटलं, "तर ते माझं नाव सांगेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कुठल्यातरी वायरला शिवी दिली आणि अकाउंट उघडलं. नंबर नवा, नाव तिचं. लॉगिन बंद ठेवलं, म्हणजे आत कोणी जाऊ शकत नाही. फक्त विचारलं तर उत्तर मिळेल, एवढंच.

शुक्रवारी नेमका बाळाला ताप आला. सासूबाईंचे फोनवर फोन. मी घाईघाईनं सगळ्यांच्या फाइली नव्या मशीनवर घातल्या, तिच्याही. तिच्या फाइलींची त्यातलीच एक प्रत मुलीसाठी पेनड्राइव्हवर घेतली. माझ्यासाठी घ्यावी असं क्षणभर वाटलं, पण घेतली नाही. ते बरं दिसलं नसतं. मग मी नव्या मशीनला फाइलीमागून फाइल विचारलं, कोणाची? आणि त्यानं तिचं नाव सांगितलं, आडनावासकट. ते वाचून मला खूप दिवसांनी कोणीतरी माझ्या पाठीवरून उठल्यासारखं वाटलं. काकांनी जुन्याची डिस्क कोरी करायला लावली. निघता निघता मी हेडफोन घालून नव्या मशीनवर एकदा आत शिरून बघितलं. कानात सपाट आवाजात सूचना आली की एक, दोन, तीन बोला. मी बोलले. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

बाळाचा ताप उतरल्यावर मी मावशींकडे गेले. पुलापलीकडे तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, आवरलेलं, आणि जिन्यात मुलीची सायकल उलटी टांगलेली. मावशींनी दार उघडलं आणि पेनड्राइव्हकडे असं बघितलं की मला तो लगेच त्यांच्या हातात द्यावा लागला. मुलगी शाळेचे मोजे घालूनच टेबलाशी बसली होती. केस आखूड, एक दात पडलेला. तुला बाळ आहे ना, तिनं पहिलंच विचारलं. मुलगा, मी म्हटलं. अजून दातसुद्धा नाहीत त्याला. माझ्यापेक्षा पण कमी, असं म्हणून ती समाधानानं हसली.

गाणं लागलं. मावशी तोंडावर पदर धरून खिडकीकडे वळल्या. मुलगी मान वाकडी करून ऐकत राहिली, लांबचं काहीतरी ओळखू येतंय का बघावं तशी. वर चढलं, अडलं, श्वास, उतरलं. मी पुढच्या शांततेची वाट बघू लागले.

आणि तिथेच फाइल संपली.

घाईत मी सगळ्या फाइली नेहमीच्या सवयीनं साफ करूनच नेल्या होत्या. खोकला गेला, खुर्चीची कुरकुर गेली, आणि शांतता लांबली म्हणून पुढचं शेपूट गेलं. माझ्याच प्रोग्रामनं ते उडवलं होतं. जुनी डिस्क कोरी झाली होती. त्या बाईनं तिच्या मुलीला विचारलेला तो एक प्रश्न आता माझ्या डोक्यात सोडून जगात कुठेच नव्हता.

मुलीनं विचारलं, "आई कुठे बसून गातेय हे?"

"मी ऑफिसात जिथे बसते ना, तिथल्या शेजारच्या खोलीत. माझीच खुर्ची म्हण."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग तू कुठे बसतेस?"

मावशी म्हणाल्या, काहीतरीच विचारतेस, पाणी आण बरं त्यांना. मी तेव्हा सांगायला हवं होतं की यापुढे अजून एक वाक्य होतं. तोंड उघडलंही. पण ते मला माझ्या आवाजात म्हणावं लागलं असतं, आणि एवढ्या खटपटीनं तिच्या नावावर केलेलं मी पुन्हा माझ्या नावावर घेतेय असं वाटलं. मी पाणी प्यायले, माझा नंबर मावशींकडे ठेवला आणि निघाले. पुढच्या वेळी सांगू, असं पुलावर स्वतःला समजावलं.

त्या संध्याकाळी बाळाला मांडीवर घेतलं, थोपटायला लागले आणि तोंड उघडलं. काही आलं नाही.

पहिला सूरच येईना. वर चढायचं असतं हे माहीत होतं, मध्ये थांबायचं असतं हेही माहीत होतं, पण कुठून चढायचं? एखाद्याचं नाव जिभेवर असावं तसंही नव्हतं. जिभेवर काहीच नव्हतं. जागा झाडून ठेवलेली. मी दुसरी गाणी म्हणून बघितली. बाळानं माझ्याकडे अपमान झाल्यासारखं बघितलं आणि रडायला सुरुवात केली. नवरा ऑफिसातून येऊन बूट न काढताच त्याला घेऊन फेऱ्या मारू लागला. सासूबाई म्हणाल्या, अगं रोज ऐकते की मी, असं आहे बघ, आणि त्यांनी जे काही म्हटलं त्यावर बाळ आणखी जोरात रडलं. मला कसली वळणं लागतात, म्हणून त्या खजील होऊन बसल्या. तुझंच गाणं ना, तुलाच कसं आठवेना?

माझं नाही ते, मी म्हटलं. आणि मावशींना फोन लावला.

बाळ झोपत नाही, ते गाणं जरा लावता का, असं काहीतरी मी पुटपुटले. मावशींनी एकही प्रश्न विचारला नाही. मागे थोडी खुसफुस झाली आणि त्या म्हणाल्या, ती म्हणते लावायला कशाला हवं, मी म्हणते.

मी फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला.

मुलगी गुणगुणायला लागली. बारीक आवाज, पडलेल्या दातातून हवा जात होती. वर चढली. जिथे अडायचं तिथे अडली, श्वास घेतला तोही तिथेच. बाळाचं रडणं हुंदक्यावर आलं, हुंदका उसाशावर. नवऱ्यानं त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्या पापण्या मिटत मिटत मिटल्या. मुलगी एकेक पायरी उतरत खाली आली आणि गाणं संपलं.

मग शांतता. सासूबाई फोन उचलायला वाकल्या, मी त्यांचा हात धरला. मी स्क्रीनकडे बघितलं. फोन कट झाला नव्हता. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, अगदी जवळ, ओठ टेकतील इतका. बराच वेळ तसाच.

"झोपलास," मुलीनं हळूच विचारलं, "की मला फसवतोस?"

मी बाळाकडे बघितलं. डोळे गच्च मिटलेले, मुठी सैल. ओठांचा डावा कोपरा जरासा हलला.

बघायला तिथे आम्हीच होतो, आणि आमच्या तोंडून शब्द बाहेर पडला नव्हता.

पलीकडे ती हसली.

"फसवतोय," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागली.